शेततळ्याचा ५०० मायक्रॉन कागद: सांध्याबद्दल निविदेत नेमके काय लिहावे?

द्राक्षबाग_निफाड

नमस्कार. आमच्या गटातील चार शेतकऱ्यांनी येत्या उन्हाळ्यात चार शेततळ्यांचे अस्तरीकरण, म्हणजे आतून प्लॅस्टिकचा कागद बसवण्याचे काम, एकत्र करून घ्यायचे ठरवले आहे. प्रत्येक तळे वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार एकास एक, म्हणजे तळाशी २४ बाय २४ मीटर आणि साठवण साधारण २२ लाख लिटर. पावसाळ्यात विहिरीचे पाणी चढवून ठेवायचे आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ते ठिबकने वापरायचे, असा आमचा नेहमीचा क्रम आहे.

माझ्या स्वतःच्या तळ्याचा कागद चौथ्या उन्हाळ्यात फुटला, आणि हा प्रश्न त्यातूनच निघाला आहे. पाणी आठवडाभर रोज थोडे थोडे उतरत राहिले आणि काठाखाली दीड मीटरवर येऊन थांबले, म्हणून जागा सापडली. उत्तरेकडील बांधाच्या आतल्या उतारावर कागदाचे दोन पट्टे जोडणारा एक आडवा सांधा हातभर नव्हे, चांगला दोन मीटर उघडला होता. पुरवठादार म्हणतो की कागद मानकाप्रमाणेच आहे, बसवणाऱ्याने सांधा जाळला असेल. बसवणारा म्हणतो की हा सांधा जागेवर मारलेलाच नाही, गठ्ठा कारखान्यातून जोडूनच आला होता. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असावेत आणि मी मात्र २२ लाखांतले निम्म्याहून अधिक पाणी जमिनीत घालवून बसलो आहे.

आमच्या मसुद्यात सध्या एवढेच वाक्य आहे: ‘५०० मायक्रॉन एचडीपीई जिओमेम्ब्रेन, आयएस १५३५१:२०१५ टाइप २, सर्व सांधे हीट सीलिंगने केलेले व गळतीरहित, पाच वर्षांची हमी.’ (एचडीपीई म्हणजे जास्त घनतेचे पॉलिथिन, जिओमेम्ब्रेन म्हणजे पाणी अडवणारा कागद आणि हीट सीलिंग म्हणजे उष्णतेने चिकटवणे.) हे वाचून मलाच समाधान होत नाही. कागदाबद्दल आणि विशेषतः सांध्याबद्दल आणखी काय लिहिले, म्हणजे माल उतरवून घेण्यापूर्वीच खरे-खोटे कळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बांधावरून

मानक क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि ५०० मायक्रॉन एवढे पुरेसे असते. अनुदानाच्या कागदपत्रांतही याहून जास्त काही मागत नाहीत. माझे तळे सात वर्षे टिकले आहे. निविदेत फार बारकावे घातले की पुरवठादार दर वाढवतात आणि शेवटी काम होते तसेच होते. पैसे वाचवून तळ्याभोवती तारेचे कुंपण घाला आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा. ओल्या कागदावरून पोहणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही, याचा अनुभव आमच्या शिवाराने घेतला आहे.

उष्ण_पाचर

दोराबद्दलची सूचना शंभर टक्के योग्य आहे. मानकाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण मी काही वर्षे अस्तरीकरणाच्या सांध्यांचीच तपासणी केली आहे आणि अशा भांडणांत दोन्ही बाजूंचे युक्तिवाद बऱ्याचदा ऐकले आहेत.

आपण सरसकट ज्याला कागद म्हणतो त्या प्रत्यक्षात दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. एक भरीव एचडीपीई पत्रा, जो कचरा डेपोत आणि सांडपाण्याच्या तलावांत १ ते १.५ मिलिमीटर जाडीचा वापरतात आणि ज्याचे भारतीय मानक आयएस १६३५२ आहे. दुसरा आपला शेततळ्याचा कागद, म्हणजे आयएस १५३५१. यात मधोमध ताणून काढलेल्या एचडीपीई पट्ट्यांचे विणलेले कापड असते आणि त्याच्या दोन्ही अंगांना पॉलिथिनचा पातळ लेप चढवलेला असतो. ओढ सोसते ते कापड आणि पाणी अडवतो तो लेप. सांधा होतो तोही लेपाचा लेपाशीच, कापड कापडाला कुठेही चिकटत नाही. त्यामुळे कापड कितीही बळकट असले तरी सांध्याची ताकद त्या पातळ लेपाने कापडाला किती घट्ट धरले आहे यावर येऊन ठेपते. ‘५०० मायक्रॉन’ या आकड्यातून त्याबद्दल काहीच कळत नाही.

मायक्रॉनचा आकडा आणखी एका कारणाने फसवा आहे. भरीव पॉलिथिनची घनता ०.९४ धरली तर ५०० मायक्रॉन जाडीच्या एका चौरस मीटरचे वजन ४७० ग्रॅम भरते. विणलेल्या कागदात पट्ट्या एकमेकींवर चढतात, जाडी मोजणाऱ्या उपकरणाचा पाय नेमका त्या उंचवट्यांवर टेकतो, आणि मधल्या खळग्यांत माल कमी असला तरी वाचन मात्र ५०० येते. विणलेल्या कागदाचे वजन भरीव पत्र्यापेक्षा काहीसे कमी असणारच, त्यात लबाडी नाही. परंतु किती कमी, हे आधी लिहून घेतले नसेल तर लबाडीला जागा राहते. म्हणून पुरवठादाराकडून चौरस मीटरचे किमान वजन ग्रॅममध्ये लेखी घ्या आणि गठ्ठा उतरवण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. तुमच्या तळ्याला उतार, तळ आणि कागदाची कड पुरण्याचा काठावरचा चर धरून साधारण ३४.५ मीटर बाजूचा चौरस लागेल, म्हणजे सुमारे ११९० चौरस मीटर. निव्वळ वजनाला या आकड्याने भागले की उत्तर समोर येते. सांध्यांच्या दुहेरी पदरामुळे त्यात तीनेक टक्क्यांची भर पडेल, तेवढी वजा करा.

आता सांधे. रोलची रुंदी अडीच मीटर धरली तर ३४.५ मीटरच्या चौरसाला पंधरा पट्टे लागतात आणि त्यांत चौदा सांधे येतात. एकूण लांबी ४८० मीटरच्या वर जाते. जागेवर मारलेल्या एखाद्या जोडाकडे सगळे गाव वाकून पाहते आणि कारखान्यातून आलेल्या या जवळजवळ अर्ध्या किलोमीटरकडे कोणाचे लक्ष जात नाही.

सांध्याची परीक्षा दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात दोन्ही पट्टे एकमेकांविरुद्ध सरळ ओढतात, तिला शिअर म्हणतात. दुसऱ्यात पदर उलटा धरून केळीच्या सालीसारखा सोलतात, ती पील चाचणी. शिअरमध्ये सांध्याची सगळी रुंदी एकदम ओढ वाटून घेते, त्यामुळे बऱ्यापैकी कच्चा सांधाही त्यात उत्तीर्ण होतो. पीलमध्ये एका वेळी केवळ एक रेघ जोर सोसते, आणि कच्चेपणा तिथे उघडा पडतो. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर जवळपास नेहमी शिअरचाच आकडा छापलेला असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तुम्ही एक करून पाहाल का? फुटलेल्या सांध्याजवळून, न उघडलेल्या भागातून, सांध्याला काटकोनात पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या चार-पाच पट्ट्या कापा. तशाच पट्ट्या उन्हाबाहेरच्या भागातून, म्हणजे तळाजवळून घ्या. पकडीने दोन पदर धरून सावकाश सोला आणि आतली बाजू कशी दिसते ते कळवा. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत निघाले तर सांध्याला उष्णता किंवा दाब कमी पडला, तो कच्चा राहिला. सांध्याची कड आकसलेली, सुरकुतलेली असेल आणि पट्टी नेमकी त्या कडेवर कडकन तुटत असेल तर सांधा जळला आहे. लेप साधारण ११० अंशांना वितळतो आणि विणीतल्या पट्ट्या १३० अंशांच्या आसपास. या जेमतेम वीस अंशांच्या फटीत वेल्डिंगवाल्याला आपले काम उरकावे लागते. पट्ट्या एकदा वितळल्या की त्यांना ताणून दिलेली ताकद कायमची जाते. तिसरी शक्यता अशी की एका बाजूचा लेप सोलून दुसऱ्या पदरावर गेला आणि खाली विणीचे उघडे चौकडे दिसू लागले. तसे असेल तर मला आणखी प्रश्न विचारावे लागतील.

मुरूम_आणि_माती

सांध्याचे शास्त्र वरील सदस्यांनी उत्तम सांगितले आहे, मी केवळ मातीकडून बोलतो. विणलेला कागद भरीव पत्र्यासारखा लांबत नाही. वीसेक टक्क्यांच्या आसपास ताणला गेला की तो संपतो. उताराच्या पायथ्याशी कागद तणावात राहिला आणि मागे पोकळी राहिली तर तीन मीटर पाण्याचा दर चौरस मीटरला तीन टन भार त्या लोंबत्या झोळीवर येतो, आणि ती ओढ थेट वरच्या आडव्या सांध्यापर्यंत जाते. काळ्या मातीत हे हमखास घडते, कारण ती उन्हाळ्यात भेगाळून आकसते आणि पावसात फुगते. आमच्याकडे खोदाईनंतर पायथ्याचा कोन गोलसर करून घेतात, तळावर आणि उतारावर बारीक मुरूम दाबून बसवतात, आणि कागद पायथ्याशी दोन-तीन वीत ढिला सोडतात. कोपऱ्यात जादा कागदाची घडी घालावी, तो कापून जोडण्याचा मोह टाळावा. खेकडे आणि उंदीर यांचा विषय वेगळा आहे, पण चराच्या मातीत बिळे दिसली तर कागद कितीही जाड घेतला तरी उपयोग नाही.

आणखी एक. चर बुजवण्याची घाई करू नये. आधी फूट-दीड फूट पाणी तळात सोडावे, कागद आपल्या जागी बसू द्यावा, आणि मग काठावरची माती भरावी. दुपारच्या उन्हात पसरून लगेच चर बुजवलेला कागद पहाटे आखडतो.

द्राक्षबाग_निफाड

सर्वांचे आभार. पट्ट्या कापून पाहिल्या. उन्हातल्या भागातील पाचही पट्ट्यांत तिसरा प्रकार दिसला: एका पदराचा लेप साबुत सोलून दुसऱ्यावर गेला आणि खाली विणीचे चौकडे अगदी स्वच्छ दिसू लागले. सोललेल्या लेपाच्या आतल्या बाजूला विणीचा ठसा उमटलेला आहे, पण पट्टीचा एक धागाही त्याला चिकटलेला नाही. तळाजवळच्या पाच पट्ट्यांपैकी तीन अशाच सुटल्या, दोन मात्र पकडीने ओढूनही सुटल्या नाहीत.

एक गोष्ट विचित्र वाटली. पदराची कापलेली कड जिथे उघडी आहे, तिथून आत दोन बोटे रुंदीपर्यंत कापडाच्या विणीत मातकट रेघ गेलेली आहे. सांधा तिथे बाहेरून बंदच आहे, मग गाळ आत कसा गेला? आणि विणीतल्या पट्ट्यांचा रंग काळा नसून दुधी आहे, हे चालते का?

उष्ण_पाचर

तुमच्या निरीक्षणाने बराच उलगडा झाला. सांधा जळलेला नाही आणि कच्चाही नाही. लेपाने लेपाला नीट धरले, पण लेपाने कापडाला धरले नाही. म्हणजे बसवणारा यातून सुटतो, आणि कारखान्यातला सांधा मारणाराही बहुधा सुटतो. दोष त्याआधीचा, लॅमिनेशनचा, म्हणजे कापडावर लेप चढवतानाचा आहे. एक सावधगिरी इथेच नोंदवतो, नाहीतर उद्या कोणी चांगला माल नाकारेल: उत्तम विणलेल्या कागदातही पील करताना शेवटी लेपच सुटतो, कारण सांध्याच्या साखळीतली सर्वांत अशक्त कडी तीच असते. प्रश्न तो किती जोराला सुटतो हा आहे. तुमच्या तळाजवळच्या दोन पट्ट्या पकडीला दाद देत नाहीत आणि इतर सहज सुटतात, याचा अर्थ एकाच गठ्ठ्यात चिकटण्याची ताकद जागोजागी वेगळी आहे. हाताने ओढून दोष कळतो, त्याचे माप मात्र प्रयोगशाळेतच मिळते.

मातकट रेघ म्हणजे कापडाने ओढून घेतलेले पाणी. विणीतल्या पट्ट्यांच्या मध्ये बारीक पोकळ्या असतात, आणि कापलेली कड उघडी राहिली की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी त्या पोकळ्यांतून आत शिरते. वर्षानुवर्षे ओले-कोरडे होत राहिले की लेप कापडापासून सुटत जातो. ही कड बंद करण्याचा उपाय सोपा आहे: पदर संपतो तिथे सांध्याची कडही उष्णतेने दाबून मिटवणे, किंवा तिच्यावर पॉलिथिनचा धागा वितळवून भरणे. बाहेरच्या देशांतील विनिर्देशांत कापडाची एकही कड पाण्याला उघडी राहू नये, अशी स्पष्ट अट असते. आपल्याकडे ती सहसा कोणी लिहीत नाही.

दुधी पट्ट्या मला पसंत नाहीत. पॉलिथिनला उन्हापासून वाचवणारा कार्बन ब्लॅक केवळ लेपात घातला आणि पट्ट्या तशाच ठेवल्या, तर लेपाला पहिली भेग पडेपर्यंत सर्व ठीक असते. तुमचा सांधा उत्तरेकडील बांधाच्या आतल्या अंगाला होता, आणि ते अंग दक्षिणेकडे तोंड करून हिवाळाभर ऊन खाते. म्हणून गठ्ठा पसरताना आणखी एक काळजी घ्यावी. चौकोनी गठ्ठ्यात दोन उतारांवर सांधे उभे येतात आणि उरलेल्या दोन उतारांवर आडवे, ते टळत नाही. पण आडवे सांधे पूर्व-पश्चिम बांधांवर यावेत आणि उत्तर बांधावर उभे यावेत, एवढे आपल्या हातात असते. उताराच्या ओढीत उभ्या सांध्यावर जवळपास जोर येत नाही, आडव्यावर सगळा येतो.

आता निविदेची भाषा. तुमच्या वाक्यातला मानक क्रमांक तसाच राहू द्या आणि पुढे साधारण असे जोडा: ‘चौरस मीटरचे किमान वजन पुरवठादाराने दरपत्रकात नमूद करावे व ते गठ्ठ्याच्या वजनावरून पडताळले जाईल. लेप व विणलेले कापड या दोहोंत २ ते ३ टक्के कार्बन ब्लॅक असावा. कारखान्यातील व जागेवरील सांध्यांची शिअर आणि पील या दोन्ही चाचण्या विणलेल्या जिओमेम्ब्रेनसाठी असलेल्या एएसटीएम डी ७७४७ पद्धतीने कराव्यात. शिअरमध्ये तुटणे सांध्याबाहेर व्हावे. पीलचा किमान आकडा पुरवठादाराने आधी लेखी द्यावा. पाच नमुन्यांपैकी चार त्या आकड्याला उतरावेत आणि पाचवा त्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. कापडाची कोणतीही कापलेली कड पाण्याला उघडी राहू नये.’

(एएसटीएम ही चाचण्यांच्या पद्धती ठरवणारी अमेरिकी संस्था.) पीलचा आकडा मी स्वतः सुचवत नाही याचे कारण आहे. अमेरिकेतील जिओसिंथेटिक इन्स्टिट्यूटच्या जीएम १९ या विनिर्देशातले आकडे इंटरनेटवर सर्वत्र फिरतात. १.५ मिलिमीटरच्या भरीव एचडीपीईसाठी २५ मिलिमीटर रुंदीला शिअर ५२५ न्यूटन आणि हॉट वेजच्या, म्हणजे तापलेल्या पाचरीने मारलेल्या, सांध्याला पील ३९८ न्यूटन, असे ते आहेत. एका निविदेत हेच आकडे जसेच्या तसे ५०० मायक्रॉनच्या विणलेल्या कागदाला लावलेले मी पाहिले आहेत. कोणताही पुरवठादार ते पूर्ण करू शकत नाही, म्हणून सगळेच मुकाट्याने सही करतात आणि चाचणी कोणीच करत नाही. याच विनिर्देशाचा ‘ए’ भाग भरीव पत्र्यासाठी आणि ‘बी’ भाग विणलेल्या, प्रबलित मालासाठी वेगळा काढलेला आहे, तो याच कारणाने. पुरवठादाराने स्वतः दिलेला आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण तो त्याला बांधून ठेवतो.

चाचणीचे नमुने गठ्ठ्याच्या टोकाला कारखान्यातच जादा सोडून मागावेत, म्हणजे तयार कागदाला भोक पाडावे लागत नाही. चार तळ्यांचे चार गठ्ठे. प्रत्येकातून एक मीटर सांधा, त्याचे दोन तुकडे. एक प्रयोगशाळेला आणि एक दोघांच्या सह्या करून तुमच्याकडे, धान्याच्या कोठीसारख्या अंधाऱ्या जागी. हमीच्या चौथ्या वर्षी वाद झाला तर मूळ माल कसा होता हे दाखवायला तो तुकडा लागतो.

बांधावरून

माझे आधीचे मत थोडे मागे घेतो. आज आमच्या कागदाचा काठाजवळचा कोपरा कापून पाहिला. विणीतल्या पट्ट्या आतूनही काळ्या आहेत. सात वर्षे टिकण्याचे श्रेय मी आतापर्यंत मायक्रॉनला देत होतो.

द्राक्षबाग_निफाड

मसुदा या धाग्यातील सूचनांप्रमाणे बदलत आहे. दोन पुरवठादारांना दूरध्वनी केला. एकाने पीलचा आकडा देतो असे सांगितले, दुसऱ्याने ‘तो काय प्रकार असतो’ असे विचारले. एवढ्यावरच यादी निम्मी झाली. आता शेवटचा प्रश्न: नवा कागद येईपर्यंत माझ्या जुन्या तळ्याच्या त्या उघडलेल्या सांध्यावर हॉट एअर गनने रुंद पट्टी मारून यंदाचा हंगाम काढता येईल का?

उष्ण_पाचर

पट्टी बसेल आणि दोन-चार दिवस पाणीही धरेल. परंतु तुमची नवी पट्टी जुन्या लेपाला चिकटणार आहे, आणि जुना लेपच कापडाला चिकटलेला नाही. म्हणजे ती सुटताना आपल्याबरोबर आणखी रुंद लेप घेऊन सुटेल, आणि आज दोन मीटर असलेली फट चार मीटर होईल. पट्टी मारायचीच असेल तर आजूबाजूचा कागद नखाने उकलून पाहा आणि जिथे लेप अजून घट्ट आहे तिथपर्यंत ती दोन्ही अंगांना न्या. कागद कोरडा आणि स्वच्छ असावा, आणि काम सकाळी लवकर करावे. तोपर्यंत पाण्याची पातळी त्या सांध्याच्या खालीच ठेवा.